न्यूट्रल तुटला आणि स्पाइक गार्डची वॉरंटी पणाला लागली

पावसाळ्याच्या तोंडावर डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर माडाचे चुडत तारांवर पडून न्यूट्रल (विजेला परतीचा मार्ग देणारी तार) तुटला आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन म्हणून मला अनेक घरांतून एकाच वेळी बोलावणे आले. सर्वांत जास्त नुकसान एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी झाले होते. टीव्ही आणि फ्रीज दोन्ही बंद पडले होते. टीव्ही ज्या स्पाइक गार्डला, म्हणजे विजेच्या झटक्यापासून उपकरणे वाचवणाऱ्या सॉकेटच्या पट्टीला, जोडला होता त्याच्या पांढऱ्या झाकणावर नाण्याएवढा तपकिरी डाग उमटला होता, दिवा विझला होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास अजून खोलीत होता.

जोडलेल्या उपकरणांनाही वॉरंटी लागू असल्याचे खोक्यावर छापलेले होते. मात्र दाव्यासोबत बिघाडाचे कारण आणि अर्थिंगची स्थिती सांगणारा इलेक्ट्रिशियनचा दाखला हवा होता. बाई म्हणाल्या, “अरे, वीज पडली म्हणून लिही ना, म्हणजे पैसे लगेच मिळतील.” त्यांची अडचण मला कळत होती. तरीही मी म्हणालो, “बाई, तपासणीत ते उघडे पडले तर सगळाच दावा बुडेल.” लाइनमनने पुरवठा बंद करण्यापूर्वी शेजारच्या घरात 360 व्होल्ट मोजले होते, तेच मी दाखल्यात लिहिले.

घरात एरवी 230 व्होल्ट येतात, पण दोन फेजमधला, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारांमधला, दाब 415 व्होल्ट असतो. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरच्या घरांत दाब भलताच चढतो आणि पुरवठा बंद होईपर्यंत चढलेलाच राहतो. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा झटका गिळण्यासाठी असतो. असा टिकून राहिलेला दाब त्याला सोसत नाही, तो तापतो आणि जळतो. म्हणूनच अशा दाबाने झालेले नुकसान बहुतेक वॉरंटीपत्रांत वगळलेले असते, आणि कंपनीचे पहिले उत्तर नकाराचेच आले.

मात्र त्याच खोक्यावर, संरक्षण संपताच सॉकेटचा पुरवठा आपोआप तुटेल, असेही स्पष्ट छापलेले होते. काही स्पाइक गार्डमध्ये आतला थर्मल फ्यूज (तापल्यावर तुटणारा फ्यूज) फक्त व्हॅरिस्टरला वेगळे करतो, सॉकेट मात्र चालूच राहतात. इथेही तसेच झाले असावे असे मला वाटत होते. बाईंचा मुलगा स्क्रू काढायला निघाला होता, त्याला मी थांबवले, कारण उघडलेल्या गार्डवर कोणतीही कंपनी दावा मानणार नाही. विहिरीजवळच्या खड्ड्याचे अर्थिंग मोजून तो आकडा, बिल आणि खोक्याचे छायाचित्र जोडून आम्ही फेरतपासणी मागितली आणि न उघडलेला गार्ड पाठवून दिला.

कंपनीच्या तपासणीत सॉकेट चालूच राहिल्याचे निघाले. टीव्हीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला, गार्डही बदलून मिळाला. फ्रीज भिंतीवरच्या साध्या सॉकेटला जोडलेला असल्याने त्याचा दावा नाकारला गेला. ते मला वाईट वाटले, पण अटीप्रमाणे ते बरोबरच होते. पुढच्या आठवड्यात बाईंच्या मेन स्विचनंतर मी जादा दाब येताच पुरवठा तोडणारा रिले बसवला, आणि तो पाहून शेजारच्या दोन घरांनीही तसाच मागवला.