चालू प्रॉडक्शन हाऊस विकत घेताना: पॅन बदलला की काय उरतं?

ठाणे-नवी मुंबईत एखादं चालू प्रॉडक्शन हाऊस विकायला निघालं की समोर आधी येते कॅमेरा-लाइटची यादी, आणि पाठोपाठ शोरील, म्हणजे निवडक कामांची छोटी फिल्म. दोन्ही बघून माणूस भारावून जातो. पण वागळे इस्टेट, महापे, तुर्भे, बेलापूर या पट्ट्यातली पुष्कळशी छोटी हाऊसेस प्रोप्रायटरी आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच. धंद्याचा पॅन हा मालकाचाच पॅन, आणि तो विकत घेता येत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहावा: पॅन बदलल्यावर हे माझ्याकडे राहील का? ज्या ओळीचं उत्तर पक्कं ‘हो’ आहे, तिचेच पैसे रोख मोजावेत. बाकीच्यांचे नंतर, टप्प्याटप्प्याने.

या कसोटीवर पहिल्यांदा अडकतो तो व्हेंडर कोड, म्हणजे क्लायंट कंपनीने मंजूर पुरवठादाराला दिलेला नोंदणी क्रमांक. इकडच्या हाऊसेसचं पोट बरंचसं कॉर्पोरेट कामावर चालतं. टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा), तळोजा, पाताळगंगेच्या केमिकल कारखान्यांच्या सेफ्टी फिल्म, ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांचे इव्हेंट, घोडबंदर रोडवरच्या बिल्डरांचे प्रोजेक्ट व्हिडिओ. केमिकल प्लांटमध्ये तर कॅमेरा आत न्यायचा म्हणजे गेट पास, सेफ्टी इंडक्शन, वर्क परमिट, आणि स्फोटाचा धोका असलेल्या भागात साधी बॅटरी-उपकरणं चालत नाहीत. हे सगळं माहीत असलेलं, मंजूर झालेलं हाऊस कंपनीला सहसा बदलावंसं वाटत नाही. खरी किंमत तिथे आहे. पण तो कोड पॅन, जीएसटी नंबर आणि बँक खात्याला जोडलेला असतो. प्रोप्रायटरी धंदा घेतलात की प्रत्येक कंपनीत नव्याने नोंदणी करावी लागते, आणि परचेस विभाग मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागतो, जी तुमच्या नव्या पॅनवर शून्य असते.

यासाठी विक्रेत्याकडून एक तक्ता मागावा: कंपनी, व्हेंडर कोड, शेवटच्या पीओची (परचेस ऑर्डरची) तारीख, रेट कॉन्ट्रॅक्ट असेल तर ते कधी संपतं, आणि तिकडचा माणूस कोण. शेवटचा पीओ दीड वर्षापूर्वीचा असेल तर त्या क्लायंटला यादीतून वजा करा. नवे कोड मिळेपर्यंतच्या काळात विक्रेत्याने आपल्या जीएसटीवर बिल काढावं आणि तुम्ही त्याला सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून बिल द्यावं, अशी सोय करता येते. मात्र ती करारात, अखेरच्या तारखेसह लिहावी. क्लायंटने कापलेला टीडीएस विक्रेत्याच्या खात्यात दिसणार, तुमच्या नाही. त्याचा हिशेब कोण, कधी करणार हेही त्याच कलमात आलं पाहिजे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर चित्र उलटं. तिथे शेअर घेतले की पॅन तोच राहतो, त्यामुळे कोड, करार, नोंदण्या बहुतेक जागच्या जागी राहतात. मालकी बदलल्यास कळवण्याची किंवा परवानगीची अट करारात आहे का, तेवढं बघावं लागतं. पण जुनी देणी, जुन्या नोटिसा, जुने वादही पेटीत बसून येतात. नुसत्या मालमत्तेपेक्षा तिथे तपासणीला दुप्पट वेळ द्यावा.

उलाढाल तपासायला तीन कागद पुरतात, मागच्या तीन वर्षांचे: २६-एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा), जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) आणि बँक स्टेटमेंट. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस जीएसटी वगळून कापला जातो, म्हणून २६-एएसमधला आकडा करपात्र रकमेशी जुळवावा, एकूण बिलाशी नाही. लग्नाच्या कामाची रोख कमाई तोंडी सांगितली जाते. जी कागदावर नाही, तिची किंमत देऊ नये. यात संकोच नको.

नफ्याचा आकडा मात्र स्वतः मांडावा. समजा उलाढाल १ कोटी ४० लाख आहे. त्यातले ६२ लाख भाड्याची उपकरणं, फ्रीलान्स क्रू, प्रवास, मॉडेल यांत सरळ निघून जातात. हातात ७८ लाख. पगार २६, जागा ७.२, वीज-इंटरनेट-सॉफ्टवेअर ३.८, विमा-सीए वगैरे २, असे ३९ लाख गेले. विक्रेता म्हणतो, नफा ३९ लाख. पण तो स्वतः दिग्दर्शन करतो, कॅमेरा धरतो, क्लायंट सांभाळतो आणि पगार घेत नाही. त्याच्या जागी माणूस ठेवायचा तर महिना एक लाख, म्हणजे वर्षाला १२. उपकरणं बदलण्यासाठी वर्षाला ५ बाजूला. उरतात २२ लाख. भावाची बोलणी या २२ वर व्हायला हवीत. मालकावर इतक्या अवलंबून असलेल्या धंद्याला याच्या दुपटीपेक्षा जास्त देणं मला पटत नाही. त्यातही एकाच क्लायंटचं काम ४० टक्क्यांवर असेल तर आणखी खाली यावं.

उपकरणांची वहीतली किंमत बाजारभाव मानू नका. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर १५ टक्के आणि संगणकांवर ४० टक्के घसारा धरतात. म्हणजे चार लाखांचा कॅमेरा पूर्ण तीन वर्षांनंतरही वहीत २ लाख ४५ हजारांच्या आसपास दिसतो, आणि तोवर नवं मॉडेल आलं असेल तर बाजारात तेवढे मिळत नाहीत. अंधेरीच्या रेंटलवाल्यांकडे त्याच बॉडीचा सेकंडहँड भाव विचारा. प्रत्येक वस्तूचं टॅक्स इन्व्हॉइस मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून बघा. बिलाविना आलेल्या ग्रे मार्केटच्या मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. कर्जावर घेतलेला माल असेल तर बँकेचा बोजा सरसाईवर (तारणांची केंद्रीय नोंदणी), आणि कंपनी असेल तर एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालय) चार्ज नोंदीत शोधावा.

तपासणी अर्ध्या दिवसात होते. एसी बंद करून ४के ५०पी मध्ये सलग अर्धा तास रेकॉर्ड करा, गरम होऊन बंद पडतो का बघा. लेन्स कॅप लावून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवा, काळ्या फ्रेममध्ये लाल-पांढरे ठिपके दिसले तर सेन्सर पाहावा लागेल. दोन्ही कार्ड स्लॉट चालवा, एचडीएमआय केबल लावून हलवा. लेन्सच्या मागून तिरपा टॉर्च मारा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. साफ केली तरी कोटिंगवर डाग राहू शकतो. ड्राय कॅबिनेट असेल तर काट्यावर ४० ते ५० टक्के आर्द्रता हवी, आणि तो चालू असायला हवा. ९८ वॉट-तासाची व्ही-माउंट बॅटरी ६० वॉटच्या लाइटवर दीड तास टिकली पाहिजे. पाऊण तासात संपली तर सेल गेलेत, तिची किंमत शून्य धरा.

ड्रोन यादीत असेल तर थांबून बघा. ड्रोन नियम २०२१ नुसार त्याला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर लागतो, आणि मालक बदलला की डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) पोर्टलवर हस्तांतराची नोंद करावी लागते. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, म्हणून हा ड्रोन कधी, कुठून आला त्याचा कागद हवाच. रिमोट पायलट सर्टिफिकेट माणसाचं असतं, हाऊसचं नाही. तो पायलट थांबणार नसेल तर परवानाही गेला. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झाल्यावर उलवे-पनवेल भागातल्या कामाचं गणितही बदललं आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच यलो झोन असतो आणि परवानगी लागते. ‘आम्ही तिकडच्या टॉवरचे एरियल नेहमी करतो’ हे जुन्या शोरीलवरून गृहीत धरू नका, नकाशा उघडून बघा.

आता हार्ड डिस्क. सौद्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते यांच्याकडे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती यांचीच. सोनीच्या ४के ऑल-इंट्रा फॉरमॅटमध्ये (यात प्रत्येक फ्रेम सुटी साठते) सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर २५० मेगाबिट प्रति सेकंद जातात, म्हणजे तासाला साधारण ११२ जीबी. दोन कॅमेरे, दोन दिवस, प्रत्येकी रोज तीन तासांचं फुटेज म्हटलं तरी १.३ टीबी होतं. दोन प्रती ठेवल्या तर पावणेतीनच्या जवळ. दहा-बारा वर्षांच्या हाऊसमध्ये कपाटभर सुट्या डिस्क असतात, काहींवर मार्करने नाव, काही कोऱ्या. वर्षानुवर्षं न फिरवलेली डिस्क कधी सुरूच होत नाही. दहातली एक डिस्क स्वतः निवडा (विक्रेत्याने काढून दिलेली नको), लावा, फाइल चालवून बघा.

त्याहून चांगली परीक्षा एकच आहे. नेहमीच्या तीन क्लायंटचं मागच्या वर्षाचं प्रोजेक्ट त्यांच्याच एडिट मशीनवर उघडायला सांगा आणि पूर्ण एक्सपोर्ट काढायला सांगा. मीडिया ऑफलाइन (मूळ फुटेज सापडत नाही) दिसतं का, फॉन्ट हरवलेत का, प्लगइन परवाना मागतं का, संगीताची मूळ फाइल आहे का, सगळं तासाभरात उघडं पडतं. वर्षानंतर क्लायंट ‘फक्त लोगो बदलून द्या’ म्हणतो, तेव्हा हाच एक्सपोर्ट तुम्हाला काढता आला पाहिजे. फुटेज किती वर्षं सांभाळायचं याचं तोंडी वचन विक्रेत्याने कुणाकुणाला दिलंय, तेही लिहून घ्या.

संगीत लायब्ररी, फॉन्ट, अडोबीचं सबस्क्रिप्शन हे मालकाच्या ईमेलवर आणि नावावर असतं. सबस्क्रिप्शन चालू असताना प्रसिद्ध केलेले व्हिडिओ साधारणपणे सुरक्षित राहतात, पण तोच ट्रॅक वापरून नवी आवृत्ती काढायची तर परवाना तुमच्या नावाचा लागेल. प्रत्येक लायब्ररीच्या अटी वाचा.

कॉपीराइटबाबत गैरसमज फार. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फिल्म बनवली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो क्लायंट असतो. म्हणजे शोरीलमधली निम्मी कामं कदाचित हाऊसची नाहीतच, आणि ती नव्या नावाखाली दाखवायला क्लायंटची लेखी संमती हवी. हाऊसने स्वतःच्या पैशाने बनवलेला माहितीपट, वेबसीरिज असेल तर तिचं हस्तांतर लेखी, सहीनिशी व्हावं. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एक वर्षात हक्क वापरला नाही तर तो सुटतो, हेही करारात वेगळं लिहून टाळावं लागतं. फ्रीलान्स संगीतकाराने, लेखकाने हाऊसला सही करून दिली होती का, हे त्याआधी.

जागा. लिव्ह अँड लायसन्स हा हक्क व्यक्तीपुरता असतो, धंद्यासोबत हात बदलत नाही. घरमालकाशी नवा करार, आणि महाराष्ट्रात तो ११ महिन्यांचा असला तरी नोंदवलेलाच. एमआयडीसीचा गाळा पोटभाड्याने असेल तर एमआयडीसीची परवानगी बघा. पत्र्याचं छत असलेला शूटिंग फ्लोर जुलैमध्ये एकदा बघाच: धो धो पावसात सिंक साउंड (शूटिंगसोबतच रेकॉर्ड होणारा आवाज) घेता येत नाही, आणि हे मार्चमध्ये कळत नाही. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार वाचा. दीड टनाचे तीन एसी ४.८ किलोवॉट, १२०० वॉटचे दोन लाइट २.४, चार एडिट मशीन २.४, झाले ९.६. पाच किलोवॉटच्या जोडणीवर हे चालणार नाही.

माणसांशी सौद्याच्या आधी, मालकाच्या परवानगीने, बोलून घ्या, विशेषतः एडिटरशी, कारण क्लायंटला नेमकं काय आवडतं हे त्याला ठाऊक असतं. फ्रीलान्स लाइटमन, गॅफर (लाइट टीमचा प्रमुख), रेंटलवाले यांची थकबाकी विचारा आणि सौद्याच्या रकमेतून ती आधी फेडून घ्या. ही माणसं रोजंदारीवर जगतात. त्यांचे पैसे राहिले असतील तर नवा बोर्ड लावला तरी ते फोन उचलणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

जीएसटीत सुटी उपकरणं घेतलीत तर कर लागतो. संपूर्ण चालता धंदा म्हणून घेतला तर हस्तांतराला माफी आहे. त्यासाठी करारात मालमत्तेसोबत देणी, करार, माणसं असा पूर्ण धंदा दिसायला हवा. विक्रेत्याचं उरलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने मिळतं, पण आधी तुमची नोंदणी आणि सीएचं प्रमाणपत्र हवं. आणि जीएसटी कायद्याचं कलम ८५ विसरू नका: हस्तांतराच्या दिवसापर्यंतचा विक्रेत्याचा थकलेला कर, व्याज, दंड, तो नंतर ठरला तरीही, तुमच्याकडूनही वसूल होऊ शकतो.

म्हणूनच पैसे एकरकमी देऊ नयेत. ताबा घेताना ५० टक्के, मोठ्या क्लायंटचे व्हेंडर कोड तुमच्या नावाने झाले की २०, उरलेले ३० बारा महिन्यांनी, त्यातून करमागणी आणि लपलेली देणी वळती करण्याच्या हक्कासह. चालू कामांसाठी क्लायंटने दिलेले ॲडव्हान्स विक्रेत्याच्या खात्यात बसलेले असतात आणि काम मात्र तुम्ही पूर्ण करणार. ती रक्कम पहिल्या हप्त्यातूनच कापा. विक्रेत्याने पुन्हा तोच धंदा उघडू नये ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ च्या अपवादात बसते, पण फक्त गुडविल (धंद्याचं नाव आणि पत) विकली असेल आणि हद्द वाजवी असेल तेव्हा. म्हणून करारात ‘गुडविल’ची किंमत वेगळी लिहा आणि हद्द नाव घेऊन: ठाणे, नवी मुंबई, मुंबई.

ताब्याच्या आठवड्यात डोमेन, व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल हलवा. नाव-लोगोचा ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये नोंदलेला असेल तर हस्तांतराचा अर्ज टीएम-पी फॉर्मवर जातो. यूट्यूबचं चॅनल ब्रँड अकाउंटवर असेल तर आधी तुम्हाला ओनर करून सात दिवस थांबावं लागतं, त्यानंतरच प्रायमरी ओनर होता येतं. तिथे तुमचं नाव दिसेपर्यंत पहिल्या हप्त्यातली थोडी रक्कम हातात ठेवावी.