पोकळ कालवांचा पंचनामा

रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, कालवं काढणाऱ्या बायकांची तक्रार होती की त्या हंगामात खालच्या पट्ट्यातली कालवं पोकळ निघताहेत. तक्रार आमच्यापर्यंत पोचली तोवर गावात निकाल लागून गेला होता: खाडीतून येणारं घाण पाणी. कार्यालयाला त्या निकालावर फक्त शिक्का हवा होता. तपासणीचा छापील तक्ता तसाच आहे. 'जिवंत' आणि 'मृत' असे दोन रकाने, मरणाच्या कारणाला जागाच नाही. ज्याने तो तक्ता केला त्याने मेलेलं कालव हातात घेऊन पाहिलेलं नसावं.

उधाणाच्या ओहोटीला, पाणी उतरत असतानाच खडपावर पोचावं लागतं. सगळ्यात खालचा पट्टा जेमतेम तासभर उघडा राहतो, म्हणून आधी तो उरकायचा आणि चढत्या पाण्याच्या पुढे वर सरकत यायचं. २५ बाय २५ सेंटिमीटरची चौकट टाकून आतल्या प्रत्येक कालवाची चार प्रकारांत नोंद होते. मिटलेलं म्हणजे जिवंत. तोंड वासलेलं, पण आत मांस शिल्लक असलेलं. 'डबी', म्हणजे दोन्ही शिंपले बिजागरीला जोडलेले आणि आत रिकामं. आणि 'वाटी', म्हणजे खडकाला चिकटलेला खालचा शिंपला तेवढा उरलेला. डबी ताजी की जुनी हे आतल्या बाजूवरून कळतं. आत चकचकीत, स्वच्छ असेल तर ताजी. आत बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) किंवा नळीतल्या किड्यांची घरं बसली असतील तर ते मरण जुनं, त्याचा आजच्या तक्रारीशी संबंध जोडू नये.

खालच्या पट्ट्यात वाट्या पुष्कळ होत्या, ताज्या डब्या त्या मानाने कमी. त्या डब्यांपैकी थोड्याच झाकणांना भोक होतं. नवख्या माणसाने इथेच लिहिलं असतं: शिकारी शंखांनी मारलेली थोडी, बाकीची पाण्याने मेली. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकतो ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

खडकावरचं कालव डाव्या शिंपल्याने कातळाला कायमचं चिकटलेलं असतं. भोक पाडणाऱ्या शंखाला उपलब्ध असतं ते उजवं, वरचं झाकण. भोक पडतं ते बहुतेक त्यातच. कालव मेलं की बिजागरीचा पट्टा कुजतो, लाट झाकण उचलून नेते आणि मागे राहते बिनभोकाची वाटी. म्हणजे मारेकऱ्याची खूण ज्या तुकड्यावर असते तोच आधी गायब होतो. वाट्या 'भोक नाही' या रकान्यात टाकल्या की प्रत्येक पाहणीत शिकारीचा आकडा कमी भरतो. असे अहवाल मी बरेच वाचले आहेत आणि दर वेळी मला राग येतो. वाटी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, ती फक्त पुरावा नसणं आहे.

म्हणून आम्ही खालच्या घळींतून आणि डबक्यांतून सुटी झाकणं वेचली. ती नेमक्या कुठल्या चौकटीतली हे सांगता येत नाही, त्यामुळे त्यांची टक्केवारी काढायची नाही. पण भोकं वाचता येतात. थाइस (आता शास्त्रीय नाव इंडोथाइस झालंय, आमच्या तोंडी मात्र थाइसच) आणि त्याच्या कुळातल्या शंखांचं भोक गोल, साधारण एक ते दोन मिलिमीटरचं, भिंती जवळजवळ सरळ. बाहेरून बशीसारखं पसरट आणि आत अरुंद होत जाणारं भोक असेल तर ते वाळूतल्या नॅटिसिड शंखाचं, त्याचं कातळावर काम नाही. ऑक्टोपसचं भोक बारीक, बरेचदा लांबट, आतल्या तोंडाला तर सुईच्या टोकाएवढं. खेकडा भोक पाडत नाही, कडा मोडतो. क्लायोना या पोखरणाऱ्या स्पंजची भोकं पुष्कळ आणि आतून एकमेकांना जोडलेली, पॉलिडोरा किड्याची जोडीने असतात आणि आत चिखलाचा फोड दिसतो. या शेवटच्या दोघांना कालवाचं मांस नको असतं, घर हवं असतं. विद्यार्थी हटकून इथे फसतात. झाकण उजेडासमोर धरून सुई घालून बघायची: सरळ आरपार गेली तर शंख, आत कुठेतरी वळली तर पोखरणारे.

भोक पाडण्याची रीत फार चिकाटीची आहे. पायाच्या तळव्यातली एक मऊ ग्रंथी शंख शिंपल्यावर टेकवून ठेवतो. तिच्या आम्लधर्मी स्रावाने चुना मऊ होतो, मग तो रॅड्युला म्हणजे दातेरी जिभेने तेवढाच थर खरवडतो आणि ग्रंथी पुन्हा टेकवतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या युरोसॅल्पिंक्स या भोक पाडणाऱ्या शंखावर शास्त्रज्ञ मेलबर्न कॅरिकर यांनी हे बारकाईने पाहिलं: ग्रंथी अर्ध्या तासाच्या आसपास, खरवडणं जेमतेम मिनिटभर. जाड झाकणाला यात काही दिवस जातात. म्हणून काही शंख झाकणाच्या मध्यावर न जाता कडेला, दोन शिंपले मिटतात तिथे पोखरतात. तिथे कवच पातळ, काम लवकर होतं. त्याची खूण म्हणजे कडेवर अर्धगोल खाच, आणि ती झीज समजून सोडून दिली जाते. दोन्ही शिंपले जुळवून भिंगाखाली धरले तरच दिसते. आमच्या 'बिनभोकाच्या' डब्यांपैकी बऱ्याच डब्या या एका तपासणीने थाइसच्या खात्यात गेल्या.

कालवं काढणाऱ्या एका मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "खालची पोकळ, वरची भरलेली. पाणी वाईट असतं तर वरची कशी वाचली?" निरीक्षण नेमकं होतं. तर्क मात्र पुरा पडत नाही, कारण वरची कालवं पाण्याखाली कमी वेळ असतात. पाण्यावरचा संशय कमी झाला तो दुसऱ्या कारणाने. त्याच खालच्या पट्ट्यात नेरिटा, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी, धडधाकट होत्या, कालवांची पिल्लं बसलेली होती, आणि सावलीच्या भेगांत थाइस दाटीने बसले होते, अंड्यांच्या कुप्यांसकट. शंख उचलले की बोटांना पिवळट स्राव लागतो, उन्हात तो हिरवट आणि मग जांभळा होतो, वास दिवसभर जात नाही. हा स्राव भोक पाडणाऱ्या ग्रंथीचा नव्हे, दुसऱ्या एका ग्रंथीचा, आणि त्यात या कुळाकडे स्नायू ढिले पाडणारी रसायनंही असतात. वरच्या पट्ट्यातलं ऊन मात्र या शंखांना सोसत नाही. कालवाला सोसतं, ते घट्ट मिटून बसतं. वरची वाचण्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी जाळीचे पिंजरे लावून दाखवलं की खालच्या पट्ट्यातल्या बॅलॅनस बार्नॅकलांना शिकारी शंख कसे विरळ करतात. ते काम १९६१ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पिंजरे टिकवणं अवघड. काळ्या कातळात प्लग घालून स्क्रू बसतो, सच्छिद्र जांभ्यात सैल होऊन निघतो. पावसाळ्यात जाळी फाटते, आणि फाटली नाही तर शेवाळाने बुजते, मग आतली कालवं कमी प्रवाहाने खंगतात. म्हणून पूर्ण पिंजऱ्याशेजारी दोन बाजू उघड्या ठेवलेला पिंजरा लागतोच. तो नसेल तर शिकार थांबल्याचा परिणाम कुठला आणि जाळीचा कुठला, हे वेगळं करता येत नाही.

सगळं वजा करूनही काही ताज्या डब्या उरल्या. भोक नाही, खाच नाही, कड मोडलेली नाही. कालवं खाणारे चपटे कृमी फटीतून आत शिरतात आणि कवचावर कसलीच खूण ठेवत नाहीत. आम्हाला कृमी मिळाला नाही, पण रिकाम्या डबीत तो थांबेलच असंही नाही. मी त्यांच्यापुढे 'कारण ठरलं नाही' असं लिहिलं. वरून सूचना आली की त्या 'प्रदूषण'मध्ये घाला, म्हणजे तक्ता पुरा होईल. घातल्या नाहीत. गेलेल्या पाण्याचा नमुना आमच्याकडे नव्हता, त्यामुळे 'प्रदूषण नाही' असंही लिहिलं नाही. मारेकरी ठरवता न आलेल्या त्या डब्या अजून माझ्या डोक्यात आहेत.

आता त्याच चौकटींच्या कोपऱ्यांना खुणा केल्या आहेत. जिवंत कालवांची झाकणं कोरडी पुसून नेलपॉलिशने आकडे घातलेत, आणि दर उधाणाला त्याच उंचीवरून फोटो काढतो. नेलपॉलिश घासून जातं, म्हणून प्रत्येक फेरीत आकडा पुन्हा गिरवायचा. वाटी दिसली की आधीच्या फोटोत झाकणावर थाइस बसला होता का, ते बघायचं.