आमची वाटचाल : दुसरा नंबर कुणाचा?

कोल्हापुरात चामड्याचं काम करतो म्हटलं की समोरचा आधी आपल्या पायाकडे बघतो. आम्ही मानेचं काम करतो: कुत्र्यांचे पट्टे, दोऱ्या, बिल्ले आणि अलीकडे पंजाचे ठसे. तीन खोल्या, दोन शिलाई मशिनं, एक खोदाईचं यंत्र एवढाच पसारा.

पहिले पट्टे चपलेच्याच चामड्याचे केले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं चामडं, साडेतीन मिलिमीटर जाड, एक इंच रुंद. पाठीकडची, कण्याला समांतर कापलेली पट्टी फारशी ताणत नाही. पोटाकडची स्वस्त पडते आणि काही महिन्यांत सैल होऊन डोक्यावरून निघते. उन्हाळाभर पट्टे उत्तम चालले. जूनमध्ये एकेक परत यायला लागला. हे चामडं भिजून वाळलं की कडक होतं, कडा मानेला घासतात, केस जातात, खाली ओल राहून कातडी लाल होते. रंग उतरून पांढऱ्या कुत्र्याची मान तपकिरी झाली, ती तक्रार वेगळीच. लोखंडावर निकेल चढवलेल्या कड्या पहिल्याच पावसात गंजल्या. आता चामड्याचा पट्टा मागणाऱ्याला आम्ही सरळ सांगतो: हा दिवाळी ते मे. पावसाळ्यासाठी पॉलिस्टरची पट्टी घ्या, स्टीलची कडी घ्या. नायलॉन मऊ असतं, पण भिजल्यावर ताणतं आणि वाळायला वेळ घेतं. पट्टी तापलेल्या पात्यानं कापायची म्हणजे टोकाचे धागे वितळून बसतात; कात्रीनं कापली तर महिन्याभरात उसवते. कडीपाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई, पॉलिस्टरच्याच दोऱ्यानं. सुती दोरा आधी कुजतो आणि पट्टी शाबूत असताना कडी हातात येते.

कारवान जातीची सडपातळ शिकारी कुत्री पाळणारे आले तेव्हा मापाचं गणित नव्यानं शिकावं लागलं. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, त्यामुळे दोन बोटं जातील इतका सैल साधा पट्टा तो मागे सरकून सहज काढतो. त्याला दीड-दोन इंच रुंद पट्टा लागतो, त्यात एक छोटा सरकफास: ओढ बसली की पट्टा बरोबर मानेच्या मापाला येऊन थांबतो, त्याहून आवळत नाही. माप घेताना कानामागचा डोक्याचा घेर आणि मानेचा घेर दोन्ही सुतळीनं मोजून पाठवा. फोनवरून ‘मध्यम साईज’ सांगू नका. मध्यम म्हणजे काय ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

दोरी आम्ही चार फुटांचीच देतो आणि तिला पट्ट्यात अडकवायचा फिरता आकडा असतोच. त्याचं कारण रंकाळा तलावावर दिसतं. सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांना एकमेकांची आडनावं माहीत नसतात; ‘शेरूचे बाबा’ आणि ‘ज्युलीची आई’ एवढ्या ओळखीवर अर्धा तास गप्पा होतात. ती बोलत उभी असताना कुत्री एकमेकांभोवती फेऱ्या घालतात. साध्या आकड्याची दोरी पिळून आखूड होते, मान वर ओढली जाते आणि तशा अवस्थेतलं कुत्रं समोरच्यावर गुरगुरतं. मालक म्हणतो, आमचा जरा रागीट आहे. खाली बघितलं तर दोरीला आठ पीळ. फिरता आकडा पितळेचा घ्यावा. जस्ताच्या ओतकामाचा चकचकीत दिसतो, पण मानेपाशी काहीही न कळवता तुटतो. स्प्रिंगमध्ये वाळू अडकली की तो अर्धवट मिटतो, म्हणून महिन्यातून एकदा धुऊन तेलाचे दोन थेंब. नव्या कुत्र्याशी ओळख करून देताना समोरासमोर आणू नका. पाच-सहा फुटांचं अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेनं थोडं चालवा, मग तीन-चार सेकंद मागून वास घेऊ द्या, लगेच हाक मारून पुढे चला. दोरी सैल ठेवा. गप्पा नंतर.

आता बिल्ल्याकडे येतो, कारण आमच्या कामाला वळण लागलं ते तिथे.

सुरुवातीचे बिल्ले रंगीत ॲल्युमिनियमचे होते. वरचा रंग लेसरनं जाळून आकडे उठवायचे, झटपट आणि देखणं काम. ऑगस्ट २०१९च्या पुरात त्यांची परीक्षा झाली. गाळात घासून काही बिल्ल्यांवरचा नंबर निघून गेला होता. त्याहून मोठी चूक आमच्या डोक्यात आलीच नव्हती: ज्यांचा नंबर शाबूत होता त्यांचेही फोन लागत नव्हते. ज्याचं घर पाण्यात, त्याचा फोनही पाण्यात किंवा बॅटरी संपलेली. बिल्ल्यावर नवऱ्याचा आणि बायकोचा असे दोन नंबर, आणि दोघं एकाच छावणीत.

तेव्हापासून बिल्ला पितळेचा, दीड मिलिमीटर जाड, ३२ मिलिमीटर व्यासाचा, आणि आकडे खोदलेले. आकड्यांची उंची तीन मिलिमीटर. त्याहून लहान आकडे संध्याकाळी रस्त्यावर वाचता येत नाहीत. वर लोंबता बिल्ला नको असेल तर पट्टीवरच दोन रिव्हेटनी बसवायची चपटी पट्टी करतो, मानेच्या गोलाईला वाकवून. लोंबत्या बिल्ल्याचं भोक स्टीलची कडी हळूहळू खात जाते, आणि बिल्ला गेटच्या जाळीतही अडकतो. कुत्र्याचं नाव घालू नये असं आमचं मत आहे, चोर नावानं हाक मारतो. पण लोकांना नाव हवंच असतं, मग ते मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला ‘लस दिली आहे’, फिट येत असतील तर ‘औषध चालू’, आणि दोन नंबर. कातडीखाली चिप बसवलेली असली तरी बिल्ला लागतोच, कारण चिप वाचायला यंत्र लागतं आणि बिल्ला वाचायला डोळे पुरतात.

ऑर्डरच्या कार्डावर त्या पुरानंतर एक ओळ वाढली: ‘दुसरा नंबर : दुसऱ्या घरातला, शक्यतो दुसऱ्या भागातला.’ ही ओळ भरायला लोकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिला नंबर भराभर लिहितात, मग पेन थांबतं. ‘मुलाचा टाका.’ मुलगा त्याच घरात राहतो, चालणार नाही. मग फोन काढून दारात उभ्यानंच विचारलं जातं, ‘भावा, तुझा नंबर टाकायलोय बिल्ल्यावर, चालंल न्हवं?’ काहींना कुणीच आठवत नाही. ते कार्ड घरी नेतात आणि आठवड्यानं परत येतात, बहुतेक वेळा रंकाळ्यावरच्या कुणाचा तरी नंबर घेऊन. खोदण्याआधी त्या नंबरावर आम्ही स्वतः फोन करतो. एक कारण म्हणजे आकडा चुकला की पितळ भंगारात जातं. दुसरं, त्या माणसाला चार गोष्टी विचारायच्या असतात. कुत्रं तुम्हाला ओळखतं का? त्याचे डॉक्टर कोण, माहीत आहे? औषध कोणतं चालू आहे? एक रात्र ठेवून घ्याल का? चारही उत्तरं ‘नाही’ असली तर आम्ही मालकाला म्हणतो, आधी त्यांना दोन वेळा घरी बोलवा, मग बिल्ला करू.

पूरभागातल्या गिऱ्हाइकांसाठी कार्डाच्या मागे एक सूचना छापली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ची बातमी आली की साखळी काढायची आणि पट्टा ठेवायचा. बांधलेलं कुत्रं पोहू शकत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठीचे चमकते पट्टे हे आमचं सगळ्यात कमी नफ्याचं आणि सगळ्यात जास्त फोन आणणारं काम. रात्री हेडलाइट पडला की चमकणारी पट्टी, म्हणजे गाडीवाल्याला लांबून दिसतं. चिखल बसला की चमक जाते, म्हणून कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसायला हवी. पिल्लांना हे पट्टे आम्ही देत नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू बघता बघता वाढतं, आणि घातलेला पट्टा कुणी बघितला नाही तर तो मानेच्या कातडीत रुततो. मग भूल देऊन काढावा लागतो. मोठ्या कुत्र्यालाही दोन इंच इलॅस्टिक घातलेला पट्टा, म्हणजे कुंपणात अडकला तर ताणून डोकं निघतं. या बिल्ल्यांवर मालकाचा नंबर नसतो, खायला घालणाऱ्यांचे असतात: चहावाला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू, वॉचमन आणि हॉस्टेलवरची मुलगी. एरवी एकमेकांशी ज्यांचं काही काम पडलं नसतं त्यांना लसीची तारीख, कानाला नसबंदीची खाच आहे की नाही, दिवाळीत गावाला कोण जाणार, एवढं सगळं ठरवावं लागतं. बिल्ला बघून सोसायटीत भांडणंही होतात, ‘तुमचं कुत्रं तुमच्या दारात ठेवा’ म्हणून. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे खायला घालण्याची जागा ठरवणं ही रहिवासी संघाची जबाबदारी आहे, आणि ती जागा जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी. हा मुद्दा दोन्ही बाजूंना सांगून ठेवतो.

म्हाताऱ्या कुत्र्यांची झोळी ही मागणी अशाच एका दुसऱ्या नंबरवाल्यानं आणली. लॅब्राडोर तीस किलोच्या पुढे, मागचे पाय गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाड कॅनव्हासची वीस सेंटिमीटर रुंद, नव्वद सेंटिमीटर लांब पट्टी, आतून पातळ फोम, दोन्ही टोकांना मुठी. पोटाखालून मांड्यांच्या पुढे घालायची. पहिल्या झोळ्यांची कड जांघेत घासून जखम करायची. आता कड दुमडून मऊ कापड लावतो. नरासाठी पुढून खोलगट कापावी लागते, नाहीतर लघवी झोळीतच. उचलणारा उत्साहानं मागचा भाग उंच धरतो, मग सगळा भार पुढच्या खांद्यांवर येतो आणि कुत्रं तोंडावर जातं. पाठ सपाट राहील इतकंच धरा. जिन्यावर दोन माणसं लागतात, एक मागे झोळीला, एक पुढे छातीपाशी. दिवसातून तीनदा. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं पार्किंगवरून अबोला असलेली माणसंही याला तयार होतात, हे आम्ही मुठींची ऑर्डर चारवर गेली की ओळखतो.

पंजाचा ठसा शक्यतो जिवंतपणी घ्या. लोक कुत्रं गेल्यावर फोन करतात, तेव्हा वेळ फार थोडा असतो. काही तासांत पाय ताठरतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि मग बोटं पसरत नाहीत. साहित्य कुंभार गल्लीत मिळतं: शाडू माती, मूर्तीसाठी मळतात त्याहून थोडी घट्ट. दोन सेंटिमीटर जाडीची पोळी थापा. पंजाच्या गाद्यांमधले केस कापून घ्या, पंजाला खोबरेल तेलाचा पुसट हात लावा, पंजा सरळ खाली दाबा, वरून एकेक बोट दाबा आणि सरळ वर उचला. तिरका उचलला तर नखांच्या रेघा ओढल्या जातात. मग भोवती पुठ्ठ्याची कड लावून प्लास्टर ऑफ पॅरिस ओता: मापानं दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर घालायचं, उलट केलं तर गुठळ्या होतात. हळू ढवळा, भांडं ओट्यावर आपटून बुडबुडे काढा आणि ठशावर थेट न ओतता कडेनं सोडा. तासाभरानं माती सोडवता येते. सावलीत चार-पाच दिवस वाळवा. जुलैत दोन आठवडेही लागतात आणि बुरशीचे काळे ठिपके येतात, म्हणून पावसाळ्यात ठसा पंख्याखाली ठेवतो. पंजा थेट ओल्या प्लास्टरमध्ये कधीही बुडवू नका. घट्ट होताना ते तापतं, भाजतं.

गेलेल्या कुत्र्याचा पट्टा मित्राच्या पिल्लाला द्यायची इच्छा अनेकांना होते. आधी विचारा, कशानं गेलं? पार्व्होनं, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या संसर्गजन्य रोगानं गेलं असेल तर तो विषाणू कापडात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पॉलिस्टरचा पट्टा साबणानं धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून पुन्हा धुवा. चामडं ब्लीचमध्ये टिकत नाही, तो पट्टा पिल्लाला देऊच नका. गोचिडाच्या तापानं गेलं असेल तर शिलाईच्या खाचा भिंगाखाली बघा, गोचीड तिथेच दडतात.

आणि काही पट्टे कापायला येतात. गल्लीतलं एखादं कुत्रं जातं, चार-पाच घरं मिळून एकच पट्टा घेऊन येतात, प्रत्येकाला किल्लीला लावायला तुकडा हवा असतो. पंचावन्न सेंटिमीटरच्या पट्ट्यातून अकरा सेंटिमीटरचे पाच निघतात. दुमडून, कडी घालून, एक रिव्हेट. धुवायचा की नाही हे विचारल्याशिवाय आम्ही पाणी लावत नाही, कारण बहुतेकांना वास हवा असतो. बिल्ला एकच असतो. तो कुणाकडे जाणार हे ते दारातच ठरवून येतात, आणि तो सहसा दुसऱ्या नंबरवाल्याकडे जातो. खरी अडचण भोकांच्या तुकड्याची. पाच भोकांपैकी ज्यात बक्कल रोज अडकायचं ते लांबट झालेलं असतं, त्याच्या कडेचं चामडं काळं आणि मऊ असतं, आणि तो तुकडा सगळ्यांनाच हवा असतो. म्हणून पट्टा ओट्यावर सरळ पसरून, खडूनं चार रेघा मारून, कोणता कुणाचा ते त्यांच्याकडून बोट ठेवून घेतो. मगच पातं लावतो.