यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल: चोकनेच चकवलं

गाडी लागली नाही! आज सकाळी चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) न देता सात किका मारल्या, पोटरी भरून आली, तरी ढिम्म. आणि मी पार्किंगमध्ये एकटाच हसत उभा. वरच्या काकूंनी खिडकीतून विचारलंसुद्धा, "काय रे, बरा आहेस ना?"

गेल्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की आमची १९९४ची आरएक्स थंडीतही चोकशिवाय पहिल्या किकला लागते. तेच तर दुखणं होतं. थंड इंजिन चोक न मागता लागतंय, म्हणजे जादा पेट्रोल कुठून तरी आपोआप जातंय. गरम गाडी सिग्नलला बंद पडली की पुन्हा लागायची नाही, प्लग ओला आणि कोळशासारखा, हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू तीन आटे बाहेर काढला तरी फरक शून्य. आणि मी काय केलं? पेट्रोल कमी करायला कार्ब्युरेटरचा (कार्बचा) मेन जेट एक नंबर खाली आणला, निडलची क्लिप एक खाच वर चढवली, फ्लोटची उंची चारदा मोजली. क्रँकच्या सीलवरही नाहक खर्च केला.

या मिकुनी कंपनीच्या कार्बमध्ये गवत कापायच्या मशिनसारखी हवा अडवणारी पाकळी नसते. खटका ओढला की छोटा पितळी प्लंजर उचलला जातो आणि पेट्रोलची वेगळी वाट उघडते. (म्हणूनच चोक देऊन अ‍ॅक्सिलरेटर पिळत किक मारणाऱ्यांची गाडी लागत नाही, मुठीने वर उचलली जाणारी स्लाइड उघडली की त्या वाटेला ओढच मिळत नाही.) प्लंजरच्या तळाला रबराची टिकली असते, ती वाट बंद ठेवते. माझ्या टिकलीवर गोल चर पडला होता आणि रबर नखाने दाबलं तर दगड. वय झालंच होतं, त्यात इथेनॉलचं पेट्रोल. मला तरी दोन्हींचा संशय आहे.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. फ्लोट बाऊल (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) काढा, चोकच्या खाली लोंबणाऱ्या पितळी नळीला रबरी पाइपचा तुकडा लावा, खटका बंद ठेवून फुंका. हवा जाताच कामा नये. माझी बासरीसारखी वाजली. तोंडात पेट्रोलची चव संध्याकाळपर्यंत राहिली, तेव्हा आधी नळी नीट सुकवा. आणि बाऊलचे स्क्रू साध्या चौफुली ड्रायव्हरने खोलू नका. ते जेआयएस म्हणजे जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात, दुसऱ्या टोकाने डोकी चाटली जातात. माझी दोन गेलीच.

नुसता प्लंजर पुण्याच्या नाना पेठेत कुठे मिळेना. एका दुकानातून पूर्ण रिपेअर किट घेतला, तर त्यातल्या प्लंजरची टिकली तिरकी बसलेली. फुंकून पाहिलं, तीच बासरी. पैसे पाण्यात. मग दोन मिलिमीटर जाडीचा व्हिटॉन रबराचा तुकडा मिळवला (इथेनॉलला साध्या रबरापेक्षा पुष्कळ टिकतो) आणि चामड्याला भोकं पाडायच्या पंचाने टिकली कापली. पहिली लंबगोल झाली. दुसरी खाली लाकूड ठेवून पंचाच्या एकाच ठोक्यात कापली, जुनं रबर सुईने कोरून काढलं आणि काठाखाली दाबून बसवली. फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना! अशी शांतता गेल्या चार महिन्यांत ऐकली नव्हती.

मग सकाळच्या त्या सात किका. आठवीला चोक दिला, मूठ बंद ठेवली, दुसऱ्या किकला लागली.

थेट लोणावळ्याला निघणार होतो, हेल्मेटही घातलं. गेटपाशी डोक्यात वीज चमकली: मेन जेट अजून एक नंबर खालीच आणि क्लिप वरच्याच खाचेत आहे! गळती होती तोवर चाललं. आता हेच सेटिंग म्हणजे मिश्रण कोरडं, पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये कोरडं मिश्रण म्हणजे घाटात पिस्टन तापून अडकणार. मुकाट्याने गाडी परत लावली. जेट जुना, क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड आट्यावर. आता पाव आटा फिरवला तरी इंजिनाचा सूर बदलतो.

रीड व्हॉल्व्हचं (इंजिनात मिश्रण सोडणाऱ्या झडपेचं) काम या महिन्यात करणार होतो, ते मागे पडलं. कारण हे लिहिता लिहिता वाटलं, प्लंजरची स्प्रिंग तरी कुठे नवी आहे? उठून किटमधल्या स्प्रिंगशेजारी ठेवली. माझी जवळजवळ दोन मिलिमीटर बसलेली. म्हणजे त्या किटातलं एक तरी कामाला आलं. कार्ब पुन्हा टेबलावर आहे.