तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा काय होणार तुमच्या मुंबई सिटीचं?

ऑफिसात, सोसायटीत, कुणाच्या साखरपुड्यात, कुठेही गेले तरी कोणी ना कोणी विचारतंच, काय मग, यंदा काय होणार तुमच्या मुंबई सिटीचं? आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, अहो इंग्लंड-स्पेनच्या मॅचेस घरबसल्या दिसतात, मग अंधेरीला जाऊन हे काय बघता? मुंबई सिटी म्हणजे आमचा फुटबॉल क्लब, अंधेरीला खेळतो. आता सीझन तोंडावर आलाय आणि या महिन्यात तर इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कितवा नंबर येईल यावर मी तासभर बोलू शकते, पण खरं सांगू का, यंदा नंबराची काळजी दुसरी आहे आणि पहिली काळजी ही आहे की अजून तीन वर्षांनी हा क्लब असेल ना. असं मला याआधी कधी वाटलं नव्हतं. टीम वाईट खेळली तर वाईट वाटतं, ते सोसायची सवय असते, पण टीमच नसेल तर काय करायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, ती चालवणारी कंपनी आणि आपली फुटबॉल फेडरेशन यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, नवीन करार काही होईना, म्हणून जुलैमध्येच सीझन होल्डवर टाकला. एरवी सप्टेंबरच्या आसपास लीग सुरू होते. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, फेडरेशनने हक्कांसाठी टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही, एकही! देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग आणि ती चालवायला कोणी पुढे येत नाही. काही क्लबांनी सरावच बंद केला. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत, संदेश झिंगन वगैरे भारताकडून खेळलेल्या मंडळींनी व्हिडिओ करून फिफाकडे हात जोडले की आमचं फुटबॉल वाचवा. मग ६ जानेवारीला क्रीडामंत्र्यांनी सांगितलं की १४ फेब्रुवारीपासून लीग होणार, चौदाही क्लब खेळणार. एकूण ९१ मॅचेस, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच, प्रत्येक टीमला तेरा मॅच. मागच्या सीझनला चोवीस होत्या. निम्म्याने कमी, पण होतेय, आणि ती बातमी वाचली तेव्हा मी रिक्षात होते आणि मला तिथेच रडू आलं.

पण त्याच्या आधी डिसेंबरमध्ये आमच्यावर वेगळंच कोसळलं होतं. सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, यांनी २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, ते लीगच्या या अनिश्चिततेमुळे बाहेर पडले. क्लब परत सुरुवातीच्या मालकांकडे, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आला. लोक म्हणतात परदेशी कंपनी गेली तर गेली. मी तसं नाही म्हणणार, कारण ते यायच्या आधी आमच्याकडे एकही ट्रॉफी नव्हती. फ्रान्सचा आनेल्का येऊन गेला, उरुग्वेचा फोरलान येऊन गेला, २०१६ ला तर आम्ही टेबलात टॉपवर होतो, पण हातात काही नाही. ते आल्यावर सर्जिओ लोबेरा कोच झाला आणि पहिल्याच सीझनला, २०२०-२१ ला, शील्ड आणि कप दोन्ही. शील्ड आता लीगच्या टेबलात पहिल्या येणाऱ्याला मिळते, कप त्यानंतरच्या प्लेऑफची फायनल जिंकणाऱ्याला. मग डेस बकिंगहॅमच्या टीमने २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आमचा. पुढच्या सीझनला सलग अठरा मॅच न हरता शील्ड. हे पैशाने झालं, पण नुसत्या पैशाने झालं नाही, खेळायची एक पद्धत होती, कोच बदलला तरी मागून पास-पास करत बॉल बाहेर काढायचा ही पद्धत बदलली नाही. ती पद्धत आता कोण सांभाळणार ही माझी दुसरी भीती.

आता मला एवढी भीती का वाटते ते. माझं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं, आणि आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालीम, पेठेपेठेतली मंडळं आणि त्यांच्या टीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. पाटाकडील-दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही, घरातली म्हातारी माणसंसुद्धा विचारतात काय झालं रे, कोण पुढं हाय. भांडणंही होतात, ती मला आवडत नाहीत, पण एक गोष्ट बघा, तिथे टीम पेठेची असते. वर्गणी पेठेची, पोरं पेठेची. एखाद्या वर्षी हरले, दहा वर्षं हरले, तरी कोणी उठून असं म्हणू शकत नाही की परवडत नाही, बंद करतो. कोण करणार बंद? तालीम कुणा एकाची नाहीच.

लग्न होऊन गोरेगावला आले आणि कळलं की इथे टीम मालकाची असते. महिंद्रा युनायटेड आठवते का कुणाला? २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, ड्युरँड जिंकलेली, फेडरेशन कप जिंकलेली, २०१० ला बंद. मुंबई एफसी, कूपरेजला खेळायचे, कधी बालेवाडीला जाऊन खेळायचे, खालिद जमीलने वर्षानुवर्षं ती टीम आय-लीगमध्ये टिकवून धरली, २०१७ ला खालच्या लीगमध्ये उतरले आणि संपलं. तोच खालिद जमील आज भारताचा कोच आहे. पुण्याचं तर विचारूच नका, पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, एका शहरात चार क्लब आले आणि चारही गेले. शेवटच्याची जागा हैदराबादला गेली आणि आता ती हैदराबादहून दिल्लीला गेली. त्या क्लबांचेही फॅन होते हो. पोरांनी स्वतः झेंडे शिवले होते, ढोल आणले होते, त्या पोरांनी नंतर काय केलं असेल याचा विचार मी या डिसेंबरमध्ये फार केला.

लोक सांत्वन म्हणून सांगतात, अहो भारतात फुटबॉलला प्रेक्षकच नाही त्याला कोण काय करणार. हे मला अजिबात मान्य नाही. १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला, मोठमोठी तिकिटं काढून लोक गेले, गेले ते बरंच झालं, मेस्सीला डोळ्यांनी बघायला मिळालं तर कोण नाही जाणार. छेत्रीही होता तिथे, मेस्सीने त्याला जर्सी दिली. पण त्याच आठवड्यात छेत्रीला आपली लीग कधी सुरू होणार हे माहीत नव्हतं, देशातल्या कुठल्याच खेळाडूला माहीत नव्हतं. म्हणजे प्रेक्षक आहे, पैसाही आहे, पण तो एका संध्याकाळीसाठी निघतो आणि सहा महिन्यांसाठी निघत नाही. आणि मधल्या मधे वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं एक अख्खं वर्ष अर्धं वाया गेलं. फुटबॉलपटूचं करिअर असतं केवढं? त्याचा परिणामही दिसलाच, ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ ने हरून आपण एशियन कपच्या बाहेर गेलो, लीग नाही, मॅच प्रॅक्टिस नाही आणि अपेक्षा मात्र जिंकायची. त्या मॅचमधला आपला एकमेव गोल कुणाचा होता, तर आमच्या छांगतेचा.

छांगतेवर आले की मला जरा बरं वाटायला लागतं. लालियानझुआला छांगते, मिझोरामचा, आमचा कॅप्टन. तुम्ही विचारता ना अंधेरीला जाऊन काय बघता, तर याला बघते. बॉल मिळाला की आतल्या बाजूला वळतो, सगळ्यांना माहीत असतं वळणार आहे, समोरच्या डिफेंडरला पण माहीत असतं, तरी थांबवता येत नाही. २४ एप्रिल २०२४ ची सेमीफायनल, फातोर्ड्याला, एफसी गोवा विरुद्ध आम्ही, नव्वद मिनिटं होत आली आणि आम्ही ०-२ मागे. घरी टीव्ही बंद करायची वेळ आली होती, भाचा म्हणाला मामी राहू दे, आणि मग नव्वदाव्या मिनिटाला छांगते, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, आणि सहाव्या एक्स्ट्रा मिनिटाला परत छांगते. ३-२! खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून वर आले. मग अंधेरीत परतीची मॅच २-० आणि फायनल कोलकात्याला, सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात, साठ हजारांसमोर ३-१. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच मैदानावर त्यांनी आम्हाला हरवून शील्ड नेली होती. त्या टीमचा कॅप्टन राहुल भेके, आपल्या मुंबईचा मराठी मुलगा, त्याने तो कप उचलला तेव्हा मला जे वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही.

ती टीम आता राहिली नाही. भेके बंगळुरूला गेला, आपुइया मोहन बागानला, नंतर मेहताबही तिकडेच. मागच्या सीझनला कसेबसे सहावे आलो, शेवटच्या मॅचला बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर २-० हरवून प्लेऑफ गाठलं, वाटलं आता गाडी रुळावर आली, आणि अठरा दिवसांनी त्याच मैदानावर त्याच टीमकडून ०-५. असला पराभव आठवडाभर अंगातून जात नाही. मग डिसेंबरच्या सुपर कपमध्ये सेमीफायनलला गोव्याने १-२ ने काढलं, ती मॅच मात्र मी दोनदा बघितली, कारण एवढ्या गोंधळात, पुढे लीग आहे की नाही माहीत नसताना पोरं पळत होती, एकमेकांना ओरडून जागेवर आणत होती. माझ्या आशेला जो काही आधार आहे तो तिथला आहे.

शंका खूप आहेत. आमचा कोच पीटर क्रात्की, त्याचा मी आदर करते, कप त्याने जिंकून दिलाय, पण मागच्या सीझनला टीम गोलपर्यंत यायची आणि तिथे अडकायची, सतत ड्रॉ, सतत ड्रॉ, हे त्याने सोडवलेलं मला अजून दिसलेलं नाही. तेरा मॅचच्या लीगमध्ये ड्रॉ फार महाग पडणार, दोन आठवडे बिघडले की संपलं, सावरायला वेळच नाही. परदेशी खेळाडू सगळ्याच क्लबांचे कमी झालेत, पगार कापले गेलेत, तेव्हा ज्यांच्याकडे चांगले भारतीय खेळाडू जास्त ते पुढे जाणार असा माझा हिशोब आहे. छांगते आणि विक्रम प्रताप दोघं फिट राहिले तर पहिल्या चारात. दोघांतला एक जरी बाहेर बसला तर सातवा-आठवा. मोहन बागानचा बेंचसुद्धा आमच्या टीमएवढा आहे, त्यामुळे शील्डचं मी यंदा मनात आणत नाहीये, खरंच नाही.

आणि आमच्या आझाद नगरच्या स्टेडियमबद्दल एक सांगायचं राहिलं. शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, वीरा देसाई रोड. मेट्रोतून उतरून चालत जा. छोटं आहे, सहा-सात हजारांचं, म्हणूनच मैदान अगदी जवळ, खेळाडू एकमेकांना काय बोलतात ते ऐकू येतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या फॅन ग्रुपची पोरं नव्वद मिनिटं उभी राहून गातात, टीम हरत असली तरी गातात, त्यांना ड्रमचा ताल सोडताना मी कधी बघितलेलं नाही. त्यांच्यात वसईचे आहेत, धारावीचे आहेत, बांद्र्याचे आहेत, एक आजोबा आहेत जे पूर्वी कूपरेजला ऑफिस लीगच्या मॅचेस बघायचे. मालक कोणीही होवो, माझ्या मते हीच आमची तालीम आहे. यांच्या हातात क्लबाचा थोडा तरी हिस्सा कायद्याने असायला हवा, जर्मनीत सभासदांचे क्लब असतात तसं काहीतरी, आणि आता सगळं नव्याने मांडायची वेळ आलीच आहे तर हे आत्ताच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पोरं वर्गणी द्यायला तयार आहेत. मीही देईन.

यंदा होम मॅच फार तर सहा-सात. मी सगळ्या बघणार आहे, रात्री साडेसातची असली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी. ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्यांनी एकदा या, निदान एका मॅचला, मेट्रोच्या जिन्यापाशी भेटा, मी आत घेऊन जाईन. आणि जमलं तर ईस्ट बंगालची मॅच अंधेरीत येऊ दे, कारण बिपिन सिंग आता त्यांच्याकडून खेळतो. १३ मार्च २०२१ ला, रिकाम्या स्टेडियममध्ये, नव्वदाव्या मिनिटाला ज्याने आम्हाला पहिला कप दिला तो बिपिन. २०२४ च्या फायनललाही त्याचा गोल होता. समोरच्या टीमच्या जर्सीत आला तरी त्याच्यासाठी मी उभी राहून टाळ्या वाजवणार, ड्रमवाल्या पोरांशी बोलून ठेवलंय, तेही वाजवणार आहेत. त्यानंतर मॅच सुरू झाली की मात्र त्याला बॉलला हात लावू द्यायचा नाही, राईट बॅकने सुरुवातीपासून चिकटून राहायचं, कारण डावीकडून आत आला की तो सोडत नाही.