एक तासाचा विनोदी कार्यक्रम: कागदापासून पडद्यापर्यंत

मालिकांच्या धंद्याची खिल्ली उडवणारा एक तासाचा विशेष कार्यक्रम एका वाहिनीला दिवाळीत दाखवायचा होता आणि लेखकांच्या टीममध्ये मी होते. कार्यक्रम लागला, लोकांनी बघितला आणि ते निराश झाले. त्यांचं बरोबरच आहे. पण अंधेरीतल्या पहिल्या बैठकीत आमच्या हातात जे होतं ते चांगलं होतं. ते कुठे कुठे गळत गेलं ते लिहिते, कारण एकांकिका करून इकडे लिहायला येणाऱ्या मुलामुलींना हे आधी कुणी सांगत नाही.

माझं सगळ्यात आवडतं स्किट पैशावर होतं. मालिकेतल्या नटाला कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी मिळतात. तोवर घरभाडं, रिक्षा, ऑडिशनचे कपडे हे सगळं उसनवारीवर चालतं. आमचा नट पडद्यावर अब्जाधीश घराण्याचा थोरला मुलगा आणि प्रत्यक्षात मालाडला तिघांत एक खोली घेऊन राहणारा. तो वाण्याकडे उधारीवर तांदूळ मागतो. वाणी म्हणतो, "साहेब, कालच्या भागात तुम्ही अख्खी कंपनी विकत घेतलीत, आणि आज दोन किलो कोलम लिहून ठेवू?" दुसरं स्किट ऑडिशनचं होतं. मुलगी संवाद जीव ओतून म्हणते आणि समोरचा तिला फक्त फॉलोअर्स किती ते विचारतो.

मग मंजुऱ्या सुरू झाल्या. आधी एकेका ओळीत कल्पना, मग पहिला खर्डा, मग निर्मात्याची टीम, मग वाहिनीची क्रिएटिव्ह टीम, शेवटी कुणाच्या भावना दुखावतील का ते बघणारा विभाग. तसं बघितलं तर कुणीच काही बंद केलं नाही. प्रत्येकाने थोडं थोडं मऊ करायला सांगितलं. पेमेंटचा आकडा नको, निर्मात्यांना लागेल. फॉलोअर्सचं नको, त्याच जोरावर आलेले पाहुणे या कार्यक्रमात आहेत. टीआरपीवरचं नको, दर गुरुवारी त्याच आकड्यांकडे सगळ्यांचे डोळे असतात. मग उरलं काय? मेलेली सासू परत येते, कॅमेरा तीनदा गर्रकन फिरतो, सून शालू नेसून पोळ्या लाटते. या गमती प्रेक्षक वर्षानुवर्षं जेवताना स्वतःच करतात. त्या त्यांनाच परत ऐकवणं म्हणजे विडंबन नव्हे. विडंबन करायचं तर जे प्रेक्षकाला दिसत नाही, तिथे बोट ठेवायला हवं.

चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत झालं. प्रेक्षक कोऑर्डिनेटरने बसने आणलेले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्यांचं हसू टिपून घेतलं जातं हे मला ऐकून माहीत होतं, पण समोर बसून बघणं वेगळं. "आता फक्त हसा. टाळ्या नकोत. अजून जोरात!" असं माईकवरून सांगत होते. दुसऱ्या रांगेतल्या एक आजी पदर तोंडाला लावून खांदे हलवत होत्या, आणि डोळे मात्र त्या माईकवाल्यावर, तो कधी थांबवतोय याकडे. तेच खांदे प्रक्षेपणात तीन वेगवेगळ्या विनोदांनंतर दिसले.

वाण्याचं स्किट दिग्दर्शकाने हट्टाने वाचवलं होतं, आकड्याविना का होईना. ते सुरू झालं आणि कोलमच्या वाक्याला हसू आलं ते वरून, लाइटमनकडून. मग ट्रॉलीवाले, मग मेकअप दादा. नटाने घाई केली नाही. हसू ओसरेपर्यंत वहीकडे बघत उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "पाव किलो तरी द्या." साउंडवाल्याने हेडफोन काढून डोळे पुसले. त्या पोराने त्या दिवशी जे केलं ते अव्वल दर्जाचं होतं, आणि ते तुम्हाला बघायला मिळालं नाही याचा मला आजही राग येतो.

कारण ते एडिटमध्ये कापलं गेलं. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरातींची, उरली ४८. त्यात प्रायोजकाचा खेळ, पाहुण्यांचा नाच, सूत्रसंचालकांची प्रास्ताविकं. लांबी कमी करायची म्हटल्यावर हात नेमका तिथेच गेला.

लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्यावं आणि कुणालाही वाचायला देण्याआधी संहिता तिथे नोंदवावी. ते ऑनलाइन होतं. आणि करारात मंजूर संहितेची प्रत जोडायला सांगावी, नंतरचा प्रत्येक बदल लेखी विचारूनच करायचा असंही त्यात लिहून घ्यावं. नव्या कामाच्या वेळी मी हे मागितलं तेव्हा एका निर्मात्याने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या बाईंनी करार दोनदा वाचला, एक शब्द बदलायला लावला आणि सही केली. सध्या मी त्यांच्याकडे लिहितेय.