तुम्ही विचारलंत म्हणून : 'रन'चे एवढे अर्थ पाठ कसे करायचे?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारी मंडळी बरीच असतात, आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच : "सर, 'रन' म्हणजे धावणे एवढे शाळेत शिकलो, पण इंग्रजीत नाकही 'रन' होते, दुकानही होते आणि रस्ताही होतो. हे सगळे पाठ कसे करायचे?" माझे उत्तर ठरलेले आहे : पाठ करू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी 2011 च्या सुमारास या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले. 1989 च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांच्यापैकीही कोणी अशी यादी कधी घोकलेली नसते. वाक्यात 'रन' दिसला की तो कोणाविषयी आहे, माणसाविषयी, पाण्याविषयी, यंत्राविषयी की वाटेविषयी, एवढे आधी पाहावे. निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण वाहणे हा 'रन'चा ओढूनताणून लावलेला अर्थ आहे असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दाला धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते, आणि त्याच घराण्यातला जर्मन 'रिनेन' आजही वाहणे, ठिबकणे याच अर्थाने वापरला जातो. म्हणून ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर 'रन' होत बंगालच्या उपसागराला मिळते असे इंग्रजीत लिहिले, तर त्यात कसलेही काव्य नसते. नळ, नाक आणि धुतल्यावर रंग जाणारी साडी यांचाही हिशेब याच खात्यात लागतो. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काम करणाऱ्यांना तर मला हे वेगळे समजावून सांगावेच लागत नाही. साच्यात शिरलेले वितळलेले प्लास्टिक ज्या बारीक पन्हळीतून प्रत्येक कॅव्हिटीपर्यंत, म्हणजे वस्तूच्या आकाराच्या पोकळीपर्यंत, पोहोचते, तिला ते रोज 'रनर' म्हणतात. साचा उघडला की मालाबरोबर त्या पन्हळीच्या आकाराची जी काडी बाहेर पडते तीही रनरच, आणि ती मोडून ग्राइंडरमध्ये टाकायची असते. तिथे धावलेले कोणीच नाही, वाहिलेले मात्र नक्की आहे.

यंत्रांचा प्रकार मला अधिक गमतीचा वाटतो. घड्याळ, गिरणी, बस, दुकान, नाटक हे सगळे इंग्रजीत धावते आणि मराठीत चालते. आपल्याकडे घड्याळ धावू लागले, तर ते पुढे पळते म्हणून दुरुस्तीला न्यावे लागते. तेव्हा या सगळ्या ठिकाणी 'रन'च्या जागी मनात 'धावणे' न आणता 'चालणे' आणले, की वाक्य सुरळीत लागते. इंग्लंडमध्ये वाफेची इंजिने आणि गिरण्या आल्यावर या बाजूची अर्थांची वाढ झपाट्याने झाली आणि संगणकाने तीत भर घातली. कारखान्यातला 'ट्रायल रन' त्यातलाच.

खरी अडचण पुढे येते. मराठीत 'चालणे' वेगळे आणि 'चालवणे' वेगळे. ऐकणाऱ्याला क्रियापदाच्या रूपावरूनच कळते की यंत्र आपले आपण चालू आहे की कोणी ते चालवत आहे. जुन्या इंग्रजीतही अशी दोन क्रियापदे होती, पण काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली आणि आज 'द मशीन रन्स' आणि 'ही रन्स द मशीन' या दोन्हींत रूप एकच उरले आहे. फरक कळतो तो मागून कर्म आले आहे की नाही यावरून. म्हणून 'आय रन अ शॉप' म्हटले तर तुमचे दुकान आहे, आणि मध्ये एक 'इन' घुसवून 'आय रन इन अ शॉप' म्हटले तर तुम्ही कुणाच्या तरी दुकानात पळत सुटला आहात. नोकरीच्या मुलाखतीत हे 'इन' फार महागात पडते.

वाटेचा अर्थ थोडक्यात सांगतो. नाशिक-पुणे रस्ता सिन्नरवरून 'जातो' असे आपण म्हणतो तेव्हा रस्ता जागचा हलत नाही. इंग्रजीत तो 'रन' होतो, एवढाच फरक. घरी फर्निचर करणारा सुतार 'रनिंग फुटा'चा दर सांगतो, तोही लांबीचाच.

क्रिकेटमधली 'रन' मूळची धावण्याचीच. पण आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लब नावाच्या क्रिकेट मैदानावर कोणी सीमेपार टोला हाणला की फलंदाज जागचे हलले नाहीत तरी फलकावर चार किंवा सहा लागतात. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार 'रन' होतो आणि ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' होतो. आपला उमेदवार उभा राहतो, तेव्हा या बाबतीत आपण ब्रिटिशांच्या बाजूचे.

एका ठिकाणी मात्र माझी ही युक्ती चालत नाही. 'रन आउट ऑफ' म्हणजे साठा संपणे, 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा जाऊन आदळणे, 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणे. ही जोडकामे कर्त्याकडे पाहून उलगडत नाहीत. ती एकेक करून, पूर्ण वाक्यासकटच लक्षात ठेवावी लागतात. 'आय रॅन इंटू माय बॉस' हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहितो, आणि साहेब भेटले की साहेबांना धडक बसली यावर वाद सुरू झाला की तो मिटेपर्यंत मध्ये पडत नाही.